चौपाटीवरचं कॉलेज आणि जालन्याचं बेथेल

जालना जिल्ह्याच्या इतिहासात दोन नारायण आहेत. एकाचं नाव घरोघरी आहे, दुसऱ्याचं फारसं कुणी घेत नाही. पहिला घनसावंगी तालुक्यातल्या जांबचा नारायण सूर्याजी ठोसर. जन्म १६०८चा, रामनवमीचा. अंतरपाटापलीकडून ‘सावधान’ ऐकू आलं आणि हा मुलगा बोहल्यावरून पळाला, ही कथा मराठी माणसाला सांगावी लागत नाही. तो समर्थ रामदास झाला आणि त्याच्या गावाच्या नावापुढे ‘समर्थ’ कायमचं लागलं. दुसरा नारायण जालन्याबाहेरून आला. नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण १८४३ साली मुंबईत ख्रिस्ती झाला आणि पुढे पाद्री होऊन निजामाच्या मुलखात, जालन्याच्या छावणीगावी कामाला लागला. दिवाण सालारजंग यांच्याकडून त्याने शहराजवळ जमीन मिळवली आणि १८७०च्या सुमारास तिथे एक आखीव गाव वसवलं. गावाला नाव दिलं बेथेल. वस्तीतले बहुतेक लोक मांग आणि महार समाजातले होते.

ब्राह्मण घरातला मुलगा मांग-महारांच्या वस्तीत घर करून राहतो, त्यांच्याबरोबर जेवतो, त्यांची मुलं शाळेत बसवतो, हे त्या काळात घडलं कसं? याचं उत्तर जालन्यात मिळत नाही. त्यासाठी गिरगावातल्या एका वर्गात जावं लागतं. आज त्या वर्गाचं नाव आहे विल्सन कॉलेज.

चर्नी रोडला उतरून समुद्राच्या कडेने चालत गेलं की गिरगाव चौपाटीसमोर टोकदार कमानींची दगडी इमारत लागते. वास्तुकार जॉन अ‍ॅडम्स, साल १८८९. विसर्जनाच्या दिवशी टीव्हीवर चौपाटीची दृश्यं पाहणाऱ्यांच्या नजरेखालून ही इमारत अनेकदा गेली असेल, पण ती चर्चने काढलेल्या कॉलेजची आहे हे कितीजणांच्या लक्षात येतं, कोण जाणे. कॉलेजचं वय मात्र इमारतीपेक्षा बरंच जास्त आहे. संस्थेचा जन्म १८३२चा. म्हणजे ज्या वर्षी जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं, त्याच वर्षी ही शाळा सुरू झाली. हे नुसतं सालांचं जुळणं नव्हे. पुढे या दोन्ही गोष्टींची गाठ पडायची होती.

शाळा काढणारे जॉन विल्सन स्कॉटलंडचे. जन्म १८०४चा, मुंबईत पाऊल १८२९ साली. आधी कोकणात बाणकोट-हर्णैला राहून ते मराठी शिकले. पत्नी मार्गारेट यांनी मुंबईत मुलींच्या शाळा काढल्या. गावदेवीची सेंट कोलंबा शाळा हा त्यांचाच वारसा. १८३५ साली त्या वारल्या, तेव्हा मुंबईत येऊन त्यांना जेमतेम सहा वर्षं झाली होती.

कलकत्त्यात अलेक्झांडर डफ या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३० साली इंग्रजी शिक्षणाचा धडाका लावला होता. इंग्रजी शिकवा, पाश्चात्त्य विज्ञान शिकवा, जुन्या समजुती आपोआप ढासळतील, असा त्याचा हिशेब. विल्सन यांनी इंग्रजी शाळा काढली खरी, पण मराठी सोडली नाही. त्यांच्या शाळेतले दुसरे स्कॉट शिक्षक रॉबर्ट नेस्बिट यांच्याविषयी तर असं सांगत की पडद्याआड बसवून बोलायला लावलं, तर ब्राह्मणच बोलतोय असं वाटेल. विल्सन यांनी कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल ज्यूंसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत लिहिलं, पारशी धर्मावर ग्रंथ लिहिला, गिरनारच्या अशोक-शिलालेखाचे ठसे मिळवून जेम्स प्रिन्सेपपर्यंत पोचवले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचं अध्यक्षपद सांभाळलं. समोरच्याचा धर्म खोडून काढायचा, तर आधी तो त्याच्याच भाषेत वाचला पाहिजे, अशी त्यांची धारणा. हेतू धर्मांतराचा होता आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. रीत मात्र वादाची होती.

आणि वाद घालणाऱ्यांचा मुंबईत तुटवडा नव्हता. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी विल्सन यांच्याशी जाहीर वाद घातला आणि ‘हिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक छापलं. विल्सन यांनी त्याला छापील उत्तर दिलं, मग त्या उत्तरालाही उत्तर आलं. छापखाना नवा होता, तरी दोन्ही बाजूंनी तो पुरेपूर वापरला. पंचवीसएक वर्षांनी, १८५७च्या पहिल्या महिन्यांत, विष्णुबुवा ब्रह्मचारी मुंबईच्या समुद्रकाठी उभे राहून पाद्र्यांना जाहीर प्रश्न विचारत होते. ऐकायला गर्दी लोटायची. या संवादांचं पुस्तकही पुढे निघालं. म्हणजे कॉलेज चौपाटीवर यायच्या तीसेक वर्षं आधीपासून या किनाऱ्याला त्या वादाचा सराव होता.

शाळेच्या वर्गात काय होत असेल, याचा अंदाज तिथे बसणाऱ्यांच्या यादीवरून येतो. हिंदू, पारशी, बेने इस्राएल, मुसलमान, गोव्याकडचे ख्रिस्ती. गाब्रू आणि मारीचा वर्का ही हबशी देशातून आलेली दोन भावंडं. १८६४ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला, तेव्हा त्याच्याबरोबरची चुमा आणि विकटानी ही दोन आफ्रिकी मुलं त्याने विल्सन यांच्या शाळेत ठेवली. पुढे आफ्रिकेला परतताना तो त्यांना घेऊन गेला. १८७३ साली लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या मध्यात वारला. त्याचा देह शेकडो मैल वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांमध्ये हाच चुमा पुढे होता. गिरगावच्या बाकावर काही काळ बसलेल्या मुलाचं नाव असं जगाच्या इतिहासात गेलं.

पण याच वर्गाने मुंबईत दोनदा हलकल्लोळ माजवला. १८३९ साली धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला. पारशी समाज खवळला, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. आईबापांनी आपापली मुलं शाळेतून काढली आणि भरलेले वर्ग रिकामे झाले. शाळेने पारशी घरांचा विश्वास गमावला आणि तो पुन्हा मिळवायला तिला वर्षं लागली. धनजीभाई पुढे विल्सन यांच्याबरोबर पॅलेस्टाइनमार्गे स्कॉटलंडला गेले आणि १८४६ साली एडिंबराला त्यांना पाद्रीपदाची दीक्षा मिळाली.

दुसरं प्रकरण शेषाद्री भावांचं. सप्टेंबर १८४३मध्ये थोरल्या नारायणने बाप्तिस्मा घेतला. धाकटा श्रीपत मिशनच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले. मुलगा अज्ञान आहे, असं ठरवून न्यायालयाने श्रीपतला वडिलांच्या हवाली केलं. एवढ्यावर मिटलं असतं तर ती एका घराची गोष्ट ठरली असती. पण प्रश्न उभा राहिला: पाद्र्याच्या घरी राहिलेल्या, जेवलेल्या मुलाला ब्राह्मण जातीत परत घेता येतं का? बाळशास्त्री जांभेकर म्हणाले, येतं. प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावं, यासाठी त्यांनी पुढाकार घेतला. सनातनी चिडले आणि बाळशास्त्र्यांवरच बहिष्काराची वेळ आली. शाळेतून बाहेर पडलेल्या एका पोरामुळे ब्राह्मण समाजाला स्वतःच्या दारांविषयी विचार करावा लागला. परत यायला दार आहे की नाही, हा प्रश्न आता उघडपणे विचारला जात होता.

याच वर्षी स्कॉटलंडातही घर फुटलं. तिकडे चर्च दोन भागांत विभागलं आणि विल्सन फ्री चर्चकडे गेले. त्याची किंमत त्यांना मुंबईत मोजावी लागली. नव्या इमारतीवर जुन्या चर्चचा हक्क राहिला आणि शाळेला भाड्याची जागा शोधावी लागली. मुलं आणि शिक्षक मात्र विल्सन यांच्याबरोबर गेले. १८६१ साली संस्था मुंबई विद्यापीठाला जोडली गेली. विल्सन स्वतः विद्यापीठाचे कुलगुरू झाले. डिसेंबर १८७५मध्ये ते मुंबईतच वारले आणि कॉलेजला त्यांचं नाव लागलं. त्यांच्यानंतरचे प्राचार्य ड्युगल्ड मॅकिकन आणि पुढे जॉन मॅकेंझी यांनीही विद्यापीठाचं कुलगुरुपद सांभाळलं. एका मिशन कॉलेजने सरकारी विद्यापीठाला तीन कुलगुरू दिले.

आता पुन्हा वर्गाकडे वळू, कारण या गोष्टीचा गाभा तिथेच आहे. मिशनने कॉलेज काढलं ते ख्रिस्ती घडवण्यासाठी. बायबलचा तास असायचा. पण एकोणिसावं शतक संपता संपता स्पष्ट झालं की धर्म बदलणारे बोटांवर मोजण्याइतके आणि न बदलणारे हजारोंनी. कॉलेज बंद करा, पैसा गावोगावच्या प्रचाराला लावा, असं म्हणणारे मिशनमध्येही होते. तरी कॉलेज चालू राहिलं. ‘नाही’ म्हणणाऱ्या मुलाला पुढच्या वर्षीही वर्गात बसू द्यायचं, त्याला तत्त्वज्ञान, इतिहास, इंग्रजी, संस्कृत शिकवत राहायचं, ही गोष्ट वरवर साधी वाटते. पण माझ्या मते विल्सनची खरी कमाई हीच.

याचं सर्वांत चोख उदाहरण पांडुरंग वामन काणे. रत्नागिरी जिल्ह्यातले काणे दापोलीच्या मिशन शाळेत मॅट्रिक झाले आणि विल्सन कॉलेजात आले. म्हणजे शाळाही पाद्र्यांची आणि कॉलेजही पाद्र्यांचं. संस्कृतचं भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळवलं, वकिली केली आणि मग ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ लिहायला बसले. पहिला खंड १९३० साली आला, पाचवा १९६२ साली. पाच खंड, सुमारे साडेसहा हजार पानं. हिंदूंच्या आचार-व्यवहाराचा एवढा मोठा धांडोळा दुसऱ्या कुणी घेतला नाही. १९६३ साली त्यांना भारतरत्न मिळालं. पाद्र्यांच्या शाळा-कॉलेजांत शिकून धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारा माणूस सनातनीही झाला नाही आणि ख्रिस्तीही झाला नाही. पुरावा मांडून, दोन्ही बाजू नोंदवून मत द्यायची सवय मात्र त्याला होती. त्याच काळात विल्सनचे प्राध्यापक मॅकेंझी यांचं हिंदू नीतिशास्त्रावरचं पुस्तक १९२२ साली निघालं. दोघांची मतं वेगळी, पण विषय एकच होता आणि दोघांच्या ओळखीचं कॉलेजही एकच.

दुसरं उदाहरण राजकारणाचं. बाळ गंगाधर खेर विल्सनचे विद्यार्थी. संस्कृतात हुशार, व्यवसायाने सॉलिसिटर. १९३७ साली ते मुंबई प्रांताचे पंतप्रधान झाले, १९४६ पासून पुन्हा त्यांच्याकडे सूत्रं आली. १९५२ साली त्यांच्या खुर्चीवर आले मोरारजी देसाई. गुजरातेतून आलेले, बोर्डिंगात राहिलेले मोरारजीही विल्सनचेच. मुंबई राज्याची धुरा एका विल्सोनियनकडून दुसऱ्याकडे गेली. १९७७ साली मोरारजी देशाचे पंतप्रधान झाले. खेर, मोरारजी दोघेही गांधींच्या वाटेने तुरुंगात गेले, तेही स्कॉटिश पाद्र्यांच्या कॉलेजात शिकून.

हा योगायोग म्हणून सोडून देता येणार नाही, कारण कॉलेजचा पत्ताच तसा आहे. १ ऑगस्ट १९२० रोजी लोकमान्य टिळक गेले आणि त्यांचे अंत्यसंस्कार चौपाटीच्या वाळूवर झाले. आज तिथे त्यांचा पुतळा आहे. १९३० साली याच वाळूत मिठाचा सत्याग्रह झाला. गावदेवीचं मणिभवन, म्हणजे गांधींचा मुंबईतला मुक्काम, चालत पाच-दहा मिनिटांवर. खिडकीबाहेर असं सगळं चालू असताना आत मिल आणि कांट शिकायचं म्हणजे परीक्षाच. उषा मेहता १९३९ साली विल्सनमधून तत्त्वज्ञान घेऊन पदवीधर झाल्या. १९४२च्या ऑगस्टमध्ये, कायद्याचा अभ्यास करत असताना, त्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. ४२.३४ मीटरवर हा गुप्त आवाज देशाला ऐकू येऊ लागला. पहिली जागा चौपाटीवरच्याच एका इमारतीत, म्हणजे कॉलेजच्या हाकेच्या अंतरावर. जागा बदलत बदलत नोव्हेंबरपर्यंत रेडिओ चालला, मग छापा पडला. मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी गांधी विचारांवर पीएच.डी. केली आणि पुढची बरीच वर्षं त्याच विल्सन कॉलेजात राज्यशास्त्र शिकवलं. वर्गात शिक्षिका म्हणून उभी राहणारी बाई राज्यसत्तेशी प्रत्यक्ष लढलेली होती. पुस्तकातलं ‘राज्य’ शिकणाऱ्या मुलांना आणखी काय हवं!

निस्सीम इझिकेल हे तिसरं नाव. बेने इस्राएल घरातला हा मुलगा १९४७ साली विल्सनमधून एम.ए. झाला. ज्या समाजासाठी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं होतं, त्या समाजातला हा कवी, आणि भारतीय इंग्रजी कवितेला नवं वळण देणाऱ्यांत त्याचं नाव अग्रभागी. विल्सन यांनी त्यांना ख्रिस्ती करण्याचा प्रयत्न केला होता, तो बहुतेकांबाबत फसला. शिक्षण मात्र उरलं.

आजचा विद्यार्थी इथे कसा राहतो? सकाळी चर्नी रोड किंवा ग्रँट रोडला लोकलमधून उतरतो, धावतपळत लेक्चर गाठतो. पावसाळ्यात खारा वारा खिडकीतून आत येतो आणि वह्यांची पानं दमट होतात. भरतीच्या दिवशी लाटा कठड्यावर आदळताना दिसतात आणि मागच्या बाकांवरची मुलं फळा सोडून बाहेर बघतात. लेक्चर बुडवलं की दुसरीकडे जायची गरज नाही, रस्ता ओलांडला की चौपाटी. ‘बंक कुठे?’ या प्रश्नाचं उत्तर इथे कुणी देत नाही. पैसे असतील तर सुखसागरची पावभाजी, नसतील तर वाळूत बसून कॉपी-पेस्टची असाइनमेंट. मरीन ड्राइव्हवर हिंदू, इस्लाम, पारशी अशा जिमखान्यांच्या रांगेत विल्सनचाही जिमखाना उभा राहिला. मुनशींचं भारतीय विद्या भवन मागच्या गल्लीत, त्यामुळे आंतरमहाविद्यालयीन एकांकिकांच्या दिवसांत नाटकवाली मुलं तिकडे पडीक असतात. मॅकिकन हॉल या जुन्या वसतिगृहाने दूरगावच्या मुलांच्या कित्येक पिढ्या सांभाळल्या. अनंत चतुर्दशीला निघालेला लालबागचा राजा कॉलेजजवळून समुद्राकडे जातो आणि सबंध परिसरात पाय ठेवायला जागा उरत नाही. मोरभट दांडेकरांशी वाद घालणाऱ्या माणसाच्या नावाच्या कॉलेजासमोर गणपती विसर्जन, हे चित्र कुणाला विसंगत वाटत नाही, आणि तेच बरं आहे.

मुंबईच्या या कॉलेजची भावंडं महाराष्ट्रात आणखी आहेत. नागपूरला स्टीफन हिस्लॉप यांच्या शाळेतून १८८३ साली हिस्लॉप कॉलेज उभं राहिलं. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे मोठे अभ्यासक होते, विदर्भातल्या दगडांचा त्यांना नाद. १८६३ साली अशाच एका शोधभेटीहून परतताना नदीत बुडून ते गेले. अहिल्यानगरला, म्हणजे जुन्या अहमदनगरला, अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून होतं. त्याच शहरातल्या मिशनच्या मुलींच्या शाळेने जोतीराव फुल्यांना प्रभावित केलं, ‘ज्ञानोदय’ १८४२ साली तिथूनच निघालं आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचा मोठा काळही तिथेच गेला. १९४७ साली तिथे डॉ. भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेज काढलं. आधीची कॉलेजं गोऱ्या मिशनऱ्यांनी काढलेली, हे मराठी ख्रिस्ती माणसाने काढलेलं. त्याच्या बाकांवर दुष्काळी तालुक्यांतली मुलं आली आणि समाजकार्याच्या शिक्षणालाही पुढे तिथे घर मिळालं. जालन्याच्या दृष्टीने मुंबईपेक्षा हे जवळचं.

आता जालन्याकडे येऊ. विल्सनच्या ‘नाही’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यांची नावं आपल्याला पाठ आहेत. ‘हो’ म्हणणारे थोडे होते, पण त्यांचं पुढे काय झालं? बाबा पदमनजी त्याच संस्थेत शिकले, १८५४ साली ख्रिस्ती झाले आणि १८५७ साली त्यांनी ‘यमुनापर्यटन’ लिहिलं. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून आपण तिचं नाव घेतो आणि विधवांच्या हालांवर ती उभी आहे. नारायण शेषाद्री जालन्याला गेले. बेथेलचं चर्च, शाळा आणि घरं उभी करायची, तर पैसा लागणार. तो मिळवायला ते स्कॉटलंड, अमेरिका फिरले. १८७३ साली न्यूयॉर्कला भरलेल्या इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेत पांढऱ्या फेट्यातल्या या माणसाने भाषण केलं. विवेकानंदांच्या शिकागोच्या वीस वर्षं आधी एक मराठी बोलणारा माणूस अमेरिकेच्या व्यासपीठावरून बोलत होता आणि त्याला पैसा हवा होता तो जालन्याजवळच्या गावासाठी.

बेथेलकडे भाबडेपणाने पाहायचं कारण नाही. धर्मांतराची अट, मिशनची देखरेख, परदेशी देणगीचं अवलंबित्व हे सगळं त्यात होतं आणि त्यावर टीका व्हायलाच हवी. पण निजामाच्या मराठवाड्यात मांगाच्या मुलाला अक्षर शिकवणारी शाळा त्या काळी किती ठिकाणी होती, हाही प्रश्न विचारायला हवा. औरंगाबादेत बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय १९५० साली उभं केलं. मराठवाड्यातल्या दलित शिक्षणाची गोष्ट आपण तिथपासून सांगतो. ती तिथे सुरू होत नाही. तिच्या आधीच्या पानांवर बेथेल आहे आणि त्या पानामागे गिरगावचा वर्ग.

विल्सन कॉलेजच्या इतिहासात जालना तळटीपेत येतं आणि जालन्याच्या इतिहासात विल्सन कॉलेज येतच नाही. दोन्ही बाजूंचं नुकसान आहे. कॉलेजला काणे, खेर, मोरारजी, उषा मेहता यांचा अभिमान असावा, तो योग्यच. पण एका वर्गाने विरोधकही घडवले आणि बेथेल बांधणारेही घडवले. दोघांना एकाच संस्थेने शिकवलं असेल, तर त्या शिक्षणाचा हिशेब फक्त एका बाजूने मांडून चालणार नाही. जांबला रामनवमीला जाणारे हजारो लोक जालन्यावरून जातात. पहिल्या नारायणाचं दर्शन घेताना दुसऱ्याचं नावही जिल्ह्याच्या शाळांमध्ये सांगायला हरकत नसावी. धर्म पटो न पटो, पण मांगाच्या मुलाला पाटी देणाऱ्या माणसाचं नाव त्या मुलाच्या पतवंडांना ठाऊक असायला हवं.